ब्रिटिश व आयरिश दूरचित्रवाणी-नाट्य : घरच्या पडद्यावरील अवशेष आणि त्यांचा इतिहास

ब्रिटन व आयर्लंड येथील दूरचित्रवाणी-नाटके आज कोणासही घरबसल्या पाहता येतात. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही ऐतिहासिक प्रश्न उभा असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तबकड्यांच्या एखाद्या संचात किंवा आंतरजालावरील संग्रहात १९६० च्या आसपासचे नाटक आढळले, की त्या काळातील जे उत्तम होते ते टिकले व जे सामान्य होते ते काळाच्या ओघात नाहीसे झाले, असे पाहणारा मनाशी धरून चालतो. ग्रंथांच्या बाबतीत हे गृहीत काही अंशी चालून जाते. दूरचित्रवाणी-नाट्याच्या बाबतीत मात्र ते सर्वस्वी भ्रामक आहे. येथे काय टिकले याचा निर्णय रसिकांनी किंवा टीकाकारांनी केलेला नाही; तो फितीची किंमत, नटसंघाशी झालेले करार, परदेशी केलेली विक्री आणि कचेऱ्यांमधील कामाची वाटणी यांनी केलेला आहे. म्हणून या क्षेत्राच्या अभ्यासकाने नाटके पाहण्यापूर्वी ती आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली हे पाहणे अवश्य आहे.

प्रारंभीच्या काळी तर टिकण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पिरांदेल्लोच्या 'द मॅन विथ द फ्लॉवर इन हिज माउथ' या एकांकिकेचे प्रक्षेपण बेअर्ड कंपनी व बी. बी. सी. यांनी १४ जुलै १९३० रोजी केले. ब्रिटनमधील हे पहिले दूरचित्रवाणी-नाटक होय. चित्र अवघ्या तीस रेषांचे होते, आणि ज्या क्षणी ते दिसले त्याच क्षणी ते संपले. आज त्याचे म्हणून जे दृश्य दाखविले जाते ते १९६७ साली जुन्या पद्धतीच्या यंत्राने केलेले पुनर्निर्माण आहे. ते पाहून १९३० च्या अभिनयाविषयी अनुमाने काढणे धोक्याचे ठरेल. अलेक्झांड्रा पॅलेस येथून २ नोव्हेंबर १९३६ रोजी नियमित सेवा सुरू झाली व महायुद्धामुळे १ सप्टेंबर १९३९ रोजी ती बंद पडली. या अवधीत शेकडो नाट्यप्रयोग झाले, परंतु त्यांतील एकही संपूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही.

युद्धानंतर, ७ जून १९४६ रोजी सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हाही नाटक म्हणजे थेट प्रयोगच होता. नट एका दालनातून दुसऱ्या दालनात धावत, कॅमेरे त्यांच्यामागे सरकत, आणि चूक झाली तर ती लाखो घरांत दिसे. रविवारी झालेले नाटक गुरुवारी पुन्हा दाखवावयाचे असल्यास सर्व नटसंच गुरुवारी पुन्हा उभा राहून ते सादर करी. ३० नोव्हेंबर १९५८ रोजी ए. बी. सी. या व्यापारी कंपनीच्या 'आर्मचेअर थिएटर' या मालेत 'अंडरग्राउंड' हे नाटक चालू असता गॅरेथ जोन्स हा नट दोन प्रवेशांच्या मध्ये मरण पावला. उरलेल्यांनी त्याची वाक्ये आपसांत वाटून घेऊन नाटक शेवटास नेले. या प्रयोगाविषयी आपणांस जे कळते ते सारे सहभागी व्यक्तींच्या आठवणींतून. मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला ही अवस्था परकी वाटणार नाही. बालगंधर्वांच्या रंगमंचावरील वावराविषयी आपण जे लिहितो ते ध्वनिमुद्रिका, छायाचित्रे व प्रेक्षकांच्या आठवणी यांवरच बेतलेले असते. फरक एवढाच, की दूरचित्रवाणी हे यंत्राचे माध्यम असल्यामुळे तेथे नोंद असणारच, असे आपण उगाच धरून चालतो.

थेट प्रयोगाची नोंद ठेवण्याचा एक उपाय १९४७ पासून बी. बी. सी.च्या हाती आला होता. पडद्यावर उमटणारे चित्रच फिल्म-कॅमेऱ्याने टिपावयाचे, असा तो उपाय. त्याचा वापर मात्र क्वचितच होई. नायजेल नील याने लिहिलेल्या व रूडॉल्फ कार्टिए याने दिग्दर्शित केलेल्या 'द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट' (१९५३) या सहा भागांच्या मालिकेचे पहिले दोनच भाग असे टिपले गेले, आणि दुसऱ्या भागाच्या प्रतीत यंत्राच्या पडद्यावर बसलेला एक किडाही कायमचा टिपला गेला आहे! पुढील चार भाग हवेत विरून गेले. याच जोडीचे, ऑर्वेलच्या कादंबरीवरील 'नाइन्टीन एटी-फोर' हे नाटक १२ डिसेंबर १९५४ रोजी प्रक्षेपित झाले. त्यातील छळाच्या दृश्यांवरून गदारोळ उठला आणि पार्लमेंटमध्ये उलटसुलट प्रस्ताव मांडले गेले. आज जी प्रत आपण पाहतो ती या वादग्रस्त प्रयोगाची नव्हे. ती १६ डिसेंबर रोजी झालेल्या दुसऱ्या प्रयोगाची आहे. मधल्या चार दिवसांतील वादळाचे भान असलेल्या नटांचा तो अभिनय आहे, ही गोष्ट पीटर कशिंगच्या कामाची चिकित्सा करणारे पुष्कळ लेखक विसरतात.

१९५८ च्या सुमारास चुंबकीय चित्रफीत आली. आता तरी नाटके सुरक्षित झाली असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात विनाशाचा खरा काळ येथून सुरू होतो. दोन इंच रुंदीची ही फीत महाग होती व पुसून पुन्हा वापरता येत होती. तिचा मोठा गुण म्हणून जो सांगितला जाई, तो हाच. नटसंघाशी झालेल्या करारांमुळे एखादे नाटक पुन:पुन्हा दाखविण्यावर मर्यादा होत्या, आणि पुन्हा दाखविता न येणारी फीत कपाटात ठेवणे हा हिशेबनिसाच्या दृष्टीने अपव्यय ठरे. १५ नोव्हेंबर १९६९ रोजी बी. बी. सी.ची पहिली वाहिनी व आय. टी. व्ही. यांवर रंग अवतरला, तेव्हा कृष्णधवल फितींचे उरलेसुरले मोलही गेले. याहून महत्त्वाचे कारण कारभाराच्या रचनेत होते. बी. बी. सी.च्या ग्रंथालयाकडे फिल्म होत्या, चित्रफिती अभियांत्रिकी विभागाच्या ताब्यात होत्या, आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रती व्यापार-विभागाकडे होत्या. मूळ प्रत दुसऱ्याने जपली असेल असे प्रत्येकाने मानले. या कारभारात कोणाचा दुष्ट हेतू शोधणे व्यर्थ आहे. सर्वांनी आपापले काम चोख केले, आणि तेच नडले. १३ जानेवारी १९६३ रोजी प्रक्षेपित झालेले 'मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट' हे नाटक, ज्यात तरुण बॉब डिलन याने भाग घेतला होता, १९६८ साली नष्ट करण्यात आले. रीतसर जतनाचे धोरण १९७८ च्या सुमारास ठरले.

फिल्मवर चित्रित केलेल्या नाटकांचे भाग्य मात्र वेगळे होते. फिल्म पुसता येत नाही. जेरेमी सँडफर्ड याने लिहिलेले, टोनी गार्नेट याची निर्मिती असलेले व केन लोच याने दिग्दर्शित केलेले 'कॅथी कम होम' (१६ नोव्हेंबर १९६६) बहुतांशी १६ मि. मी. फिल्मवर, प्रत्यक्ष रस्त्यांवर व वसतिगृहांत चित्रित झाले होते. बेघर कुटुंबाच्या या कथेने देश हादरला, हे खरे. 'शेल्टर' ही संस्था या नाटकामुळे जन्मली असे मात्र वारंवार छापले जाते, ते खरे नाही. संस्थेची सिद्धता आधीपासून चालू होती. १ डिसेंबर १९६६ रोजी ती जाहीर झाली आणि नाटकाने निर्माण केलेल्या लोकभावनेचा तिला लाभ झाला, इतकेच म्हणता येईल.

येथे एक मूलभूत शंका उपस्थित करावीशी वाटते. ब्रिटिश दूरचित्रवाणी-नाट्याचा इतिहास सामान्यत: असा सांगितला जातो की ते प्रथम रंगभूमीचे अनुकरण होते, चार भिंतींत कोंडलेले होते, आणि १९६५ नंतर लोच-गार्नेट यांच्या पिढीने त्याला मोकळ्या रस्त्यावर आणून चित्रपटाची भाषा दिली. या कथनात तथ्य नाही असे नाही. परंतु जी नाटके रस्त्यावर चित्रित झाली ती फिल्मवर असल्याने टिकली, आणि जी दालनात सादर झाली त्यांतील असंख्य पुसली गेली. मग ज्या पुराव्यावरून आपण 'प्रगती' सिद्ध करतो, तो पुरावाच एका पक्षाचा नव्हे काय? जेसन जेकब्स याने २००० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात रेडिंगजवळील कॅव्हरशॅम येथील लेखागारातील संहिता, दालनांचे आराखडे व कचेरीतील पत्रव्यवहार यांच्या आधारे न उरलेल्या नाटकांची रचना मांडण्याचा यत्न केला. प्रारंभीचे निर्माते कॅमेऱ्याच्या हालचालीविषयी व समीपदृश्याविषयी किती जागरूक होते, हे त्यातून स्पष्ट होते. केवळ पडद्यावर उपलब्ध असलेले पाहून लिहिणाऱ्याला हे कधीच कळले नसते.

हरवलेले काही पुन्हा सापडले, तेही बहुधा मायदेशाबाहेर. परदेशी केंद्रांना विकलेल्या फिल्म-प्रती कित्येकदा परत आल्या नाहीत. 'डॉक्टर हू' या मालिकेतील 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही कथा हाँगकाँगमध्ये मिळाली व १९९२ साली लगोलग घरगुती चित्रफितीच्या रूपाने विकली गेली. याच मालिकेचे आणखी नऊ भाग नायजेरियातील जोस येथे सापडल्याचे २०१३ साली जाहीर झाले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २०१० साली साठाहून अधिक ब्रिटिश नाट्यप्रयोग हाती लागले. अमेरिकेतील शैक्षणिक वाहिनीने ते दाखविण्यासाठी घेतले होते. त्यांत शॉन कॉनरीचे 'कोलोंब' (१९६०) आणि मॅगी स्मिथचे 'मच अडू अबाउट नथिंग' (१९६७) होते. थोडक्यात, साम्राज्याच्या जुन्या वाटांनी गेलेला माल त्याच वाटांनी अंशत: परत आला. जे परदेशी विकले जाण्याजोगे नव्हते, म्हणजे प्रादेशिक बोलीतील, स्थानिक प्रश्नावरील नाटक, त्याला ही वाट उपलब्ध नव्हती.

घरी बसून पाहणाऱ्यांनी केलेले कामही नोंदविले पाहिजे. जॉन क्यूरा नावाचा एक छायाचित्रकार १९४७ पासून १९६८ पर्यंत पडद्यावरील चित्रांची छायाचित्रे काढून ती नटांना व निर्मात्यांना विकत असे; कित्येक नाटकांचे दृश्यरूप आज केवळ त्याच्या छायाचित्रांतून कळते. 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या सर्व भागांचा ध्वनी उपलब्ध आहे, कारण काही हौशी प्रेक्षकांनी तो घरच्या ध्वनिमुद्रण-यंत्रावर उतरून घेतला होता. डिलनची त्या नाटकातील काही गाणीही अशीच उरली.

आयर्लंडची कथा अधिक विदारक आहे. पूर्व किनाऱ्यावर व सीमेलगत ब्रिटिश प्रक्षेपण आधीच पोहोचत होते; स्वत:ची सेवा 'टेलिफीश एरन' ३१ डिसेंबर १९६१ रोजी सुरू झाली. उद्घाटनाच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा यांनी या माध्यमाची तुलना अणुशक्तीशी करून त्याच्यापासून होऊ शकणाऱ्या अपायाची भीती बोलून दाखविली होती. लहान देश, तुटपुंजे उत्पन्न, म्हणून फितींचा पुनर्वापर तेथे अधिक निकडीचा होता. डब्लिनमधील श्रमिक कुटुंबांवरील 'टोल्का रो' (१९६४-६८) या मालिकेचे जवळजवळ काहीच उरलेले नाही. 'द रिओर्डन्स' (१९६५-७९) ही ग्रामीण मालिका मीथ परगण्यातील डनबॉइन येथील प्रत्यक्ष शेतावर बाह्यचित्रणाची सामग्री नेऊन चित्रित होई. त्या काळी मालिकांच्या बाबतीत हे धाडसच होते. तिच्यातील मॅगी या विवाहितेला प्रकृतीच्या कारणास्तव संततिनियमनाचा प्रश्न पडतो, तेव्हा त्या देशात संततिनियमनाच्या साधनांची विक्री कायद्याने बंद होती. १९७९ च्या कायद्याने ती मर्यादित प्रमाणात खुली झाली. पार्लमेंटमध्ये जे बोलणे अवघड होते ते आठवड्यामागून आठवडा स्वयंपाकघरात बसून ऐकले गेले. समाजेतिहासाचे हे केवढे मोठे साधन! आणि त्याचे कित्येक भाग नष्ट झालेले आहेत.

या उलट 'स्ट्रम्पेट सिटी' (१९८०) आजही सहज पाहता येते. जेम्स प्लंकेट याच्या १९६९ च्या कादंबरीवरून ह्यू लेनर्ड याने लिहिलेली ही सात भागांची मालिका १९१३ च्या डब्लिनमधील टाळेबंदीचे चित्र उभे करते; पीटर ओटूल याने कामगारपुढारी जिम लार्किनची, तर डेव्हिड केली याने रॅशर्स टियर्नी या भिकाऱ्याची भूमिका केली आहे. केली याचे काम या साऱ्या परंपरेतील सर्वोत्तम कामांत गणावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निर्मिती भव्य आहे, तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तरीही परिणाम असा झाला आहे की आयरिश दूरचित्रवाणीने श्रमिकांचे जीवन कसे रंगविले, असे विचारल्यास आजचा प्रेक्षक १९१३ च्या श्रमिकांकडे बोट दाखवितो. १९६४ चे श्रमिक, जे स्वत:ला पडद्यावर पाहत होते, ते फितीबरोबर पुसले गेले आहेत. रॉडी डॉइल याच्या 'फॅमिली' (१९९४) या चार भागांच्या नाट्याने डब्लिनमधील घरगुती हिंसाचार दाखविला, तेव्हा असे काही प्रथमच घडत आहे अशा थाटात चर्चा झाली. ती चर्चा तपासून पाहण्यास लागणारे मागील तीस वर्षांचे साहित्य मात्र अपुरे होते.

घरगुती चित्रफितीच्या युगाविषयी फारसे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. १९८८ च्या ब्रिटिश कायद्याने सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी मुद्रण करण्यास मोकळीक दिली. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१९९५) या मालिकेच्या फिती तर तिचे प्रक्षेपण संपण्यापूर्वीच विक्रीस आल्या व हातोहात खपल्या. तेव्हापासून निर्मितीच्या हिशेबात घरगुती विक्री आधीच धरली जाऊ लागली, आणि पुसण्याचे कारण उरले नाही. परंतु टिकणे व पाहावयास मिळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. 'प्ले फॉर टुडे' (१९७०-८४) या मालेतील बहुसंख्य नाटके सुरक्षित आहेत, तरी त्यांपैकी थोडीच विक्रीस आली. संगीताचे हक्क, लेखकांच्या वारसांची संमती व अपेक्षित खप यांवर ते अवलंबून राहते. ग्रॅहॅम रीड याची बेलफास्टमधील 'बिली' नाटके (१९८२-८४), ज्यांत केनेथ ब्रॅना याने आपल्या कारकीर्दीच्या आरंभी काम केले, त्या नगरातील प्रॉटेस्टंट श्रमिक घराचे चित्रण म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमात असावयास हवीत. ती मिळविण्यासाठी विद्यार्थ्याने विक्रेत्यांच्या याद्यांपेक्षा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सूचीपासून आरंभ करावा.