काटवट

माझ्या लहानपणी आमच्या घरात गहू सणाला यायचा आणि सणाबरोबरच जायचा. होळीची पोळी, बेंदराला बैलांची पोळी, दसरा-दिवाळीचं गोडधोड, फारच मानाचा पाहुणा आला तर शिरा. एरवी वर्षभर ज्वारी. मंगळवेढ्याकडची आमची काळी जमीन. हस्ताचा पाऊस झाला की मालदांडी पेरायची. पुढं पाण्याचा एक थेंब न देता, नुसत्या जमिनीच्या ओलीवर आणि थंडीवर ती पिकायची. पौषात हुरडा, सुगी झाली की पेव भरायचं, आणि त्या पेवावर पुढची सुगी गाठायची. ज्या गावच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार रयतेसाठी उघडं केल्याची कथा सांगतात, त्या मुलखात ज्वारी म्हणजेच अन्न. "जेवलास का?" असं कुणी विचारत नसे. "भाकरी खाल्ली का?" असंच विचारत.

ही भाकरी व्हायची काटवटीत. बाभळीच्या लाकडाची, आजीच्या हातची, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली काटवट. ज्वारीचं पीठ गव्हासारखं एकदम मळून ठेवता येत नाही. त्याला चिकटपणा नसतो. एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं आणि लगेच थापायचं. दळून आठ-दहा दिवस झाले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते. मग आई आधणाचं पाणी घालून पीठ मळायची. उकळत्या पाण्यानं पीठ धरून राहतं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि शेवटी आरावर उभी करायची. टम्म फुगली की आई म्हणायची, "आता पोटाला लागंल."

गहू घरात नेहमीसाठी शिरला तो दुष्काळात. १९७२ साली मी नऊ वर्षांचा होतो. पेव रिकामं होतं. आई-वडील दोघंही खडी फोडायला जायचे. मुलांना सुकडी मिळायची. रेशनच्या दुकानात अमेरिकेची मिलो आली, ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी विटेच्या रंगाची व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. तिकडं ती जनावरांना घालतात असं लोक बोलायचे, आणि तरीही खायचे. त्याच दुकानात गहूही मिळायचा. आईला चपाती लाटता येत नव्हती, म्हणून तिनं गव्हाच्या पिठाचीही भाकरीच थापली. ती चिवट झाली, पण आम्हाला सणासारखी लागली.

पुढं पाऊस झाला, पेव भरलं, पण गव्हाची गोडी राहिली. १९८० साली उजनी धरण पुरं झालं. हळूहळू भीमेच्या पाण्यावर कालव्याची गावं ऊस करायला लागली, आणि जिथं पाणी तिथं थोडा गहूही आला. ज्वारी कोरडवाहू माळाकडं सरकली. काढायला मजूर मिळेनात, मोडणीला बायका मिळेनात. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कागदावर भरड धान्यही १ रुपया किलोनं होतं, पण आमच्या दुकानात कायम गहू आणि तांदूळच आले.

पण खरं सांगायचं तर भाकरी घरातून घालवली ती धरणानं नाही आणि रेशननंही नाही. आमच्या घरातून ती मी घालवली. शिकायला सोलापूरला वसतिगृहात होतो. गावाकडून एसटीनं डबा यायचा. भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी. शेजारच्या पोरांच्या डब्यात तेल लावलेल्या पांढऱ्या चपात्या. मी डबा झाकण आडवं धरून खायचो. पुढं मास्तर झालो, पगार सुरू झाला, आणि पहिल्या महिन्यातच आईला म्हणालो, "आता रोज चपाती करत जा. पावणं येत्यात." आई काही बोलली नाही. काटवट गोठ्यात गेली. तिच्यात गाईला भुस्सा कालवायला लागले. घरात स्टीलची परात आली.

धाकट्या भावाची मुलगी पाच वर्षांची झाली तरी अंग धरेना. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. सारखं पोट बिघडायचं. रक्त कमी, म्हणून लोहाचं औषध दिलं तरी रक्त वाढेना. जंताची औषधं झाली, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, दृष्ट काढून झाली. आईनं खंडोबाला नवस बोलला. अशक्त आहे म्हणून आम्ही तिला काय द्यायचो? दुधात कुस्करलेली चपाती, रव्याची खीर, बिस्किटं. जे बाधत होतं तेच मायेनं भरवत होतो.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची खास तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर रोग सापडत नाही, हेही त्यांनी बजावलं होतं. रोगाचं नाव सिलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचा चिकट भाग असतो. त्याच्यामुळंच कणीक ताणली जाते. ज्यांना हा रोग असतो त्यांच्या शरीराची राखणदार यंत्रणा ग्लूटेन पोटात गेलं की उलटी फिरते आणि आपल्याच लहान आतड्याची लव झिजवून टाकते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गव्हाची ॲलर्जी वेगळी, हे वेगळं. यावर औषध एकच : जन्मभर गहू नाही. चिमूटभरसुद्धा नाही.

भावानं विचारलं, "खपली चालंल का? जुना गहू हाय." बाई म्हणाल्या, "खपली गहूच आहे. नाही चालणार." मग त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडं ज्वारी पिकते ना?" आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिलो.

त्यानंतर मी या रोगाबद्दल मिळेल ते वाचलं. त्यात हॉलंडच्या विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांची हकीकत भेटली. या मुलांना गहू सोसत नसावा असा त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, जर्मनांनी पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. पाव नव्हता. आणि त्या उपासमारीत ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी यावर आपला प्रबंध मांडला. वाचताना मला मिलोची तांबडी भाकरी आठवली. तिकडं दुष्काळानं गहू नेला आणि रोगाचं मूळ सापडलं. आमच्याकडं दुष्काळानंच गहू आणला.

भाकरी करायची म्हणजे झालं, असं आम्हाला वाटलं. पण पदार्थ बदलणं सोपं निघालं. घर बदलणं अवघड गेलं. पहिल्या महिन्यात पोरगी भाकरीच खात होती, तरी पोट बिघडायचंच. चूक गिरणीत होती. आमच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा, त्याचं पीठ ज्वारीत उतरायचं. मग भावानं कर्ज काढून घरघंटी घेतली. तिच्यात गहू घालायचा नाही असं आईनं खडूनं भिंतीवर लिहून घेतलं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

मग एकेक चोर सापडत गेला. बांधणी हिंगात गव्हाचं पीठ असतं. आमच्या मेतकुटात भाजलेला गहू. थालिपीठाच्या भाजणीत गहू. धपाट्याच्या ज्वारीत आई मिळून यावं म्हणून मूठभर कणीक टाकायची, तीही बंद केली. त्याजागी उकडून कुस्करलेला बटाटा घातला, धपाटी चिरायची थांबली. कुरडया गव्हाच्या, शेवया गव्हाच्या. त्याऐवजी ज्वारीच्या पापड्या, तांदळाचे पापड. खीर वरीच्या तांदळाची. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. पोरीनं प्रसाद नको म्हटलं तर म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. तेव्हा आईच पुढं व्हायची, "तिला केळं द्या. देव केळ्यातबी हाय."

आईला तिची काटवट परत हवी होती. गोठ्यातून उचलून आणली, चिंच लावून घासली, उन्हात ठेवली. मी म्हणालो, "आई, त्यात इतकी वर्सं भुस्सा कालवलाय. भुस्सा म्हंजे गव्हाचाच कोंडा. लाकडाच्या चिरांत बसलेला असतो." आई बराच वेळ काटवटीच्या कडेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तूच ठिवली हुतीस तिकडं." रागानं नाही म्हणाली. म्हणून जास्त लागलं. सुताराकडून नवी काटवट करून घेतली. जुनी पुन्हा गोठ्यात गेली.

शेवटचा प्रश्न आमच्या चपातीचा होता. वेगळा तवा, वेगळं लाटणं, वेगळी परात, असं चार महिने करून बघितलं. पण कणकेचं पीठ उडतं, ओट्यावर बसतं, हाताला राहतं. आणि पोरगी ताटाकडं बघायची ते निराळंच. एकदा पंगतीत तिनं मला विचारलं, "तात्या, चपाती लई ग्वाड असती का?" मी त्या दिवशी घास टाकला नाही, टाकायला नको होता. पण दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं, आपल्या घरात आता चपाती नको. तिचे सगळे डबे शाळेत चपातीचे, ती नाराज झाली, आणि तिचं बरोबरच होतं. भाकरीचा डबा करायचा म्हणजे तिला पहाटे अर्धा तास लवकर उठावं लागणार होतं. मी तिच्याबरोबर उठायला लागलो. मला थापता येत नाही, पण भाजता येतं.

आता बेंदराच्या पोळ्या गोठ्यापुढच्या चुलीवर होतात, तिथली भांडी घरात येत नाहीत. बैलांना पोळी, आम्हा सगळ्यांना वाटीत पुरण, वर तूप, आणि कटाची आमटी-भात. पोरगी मोठी झाली. वर्षाच्या आत तिच्या अंगावर मांस चढलं होतं, पुढं उंचीही वाढली. ती सोलापूरला शिकायला गेली तेव्हा मी तिला वसतिगृहात सोडायला गेलो होतो. तिच्याकडं स्वतःचा तवा होता, घरघंटीचं पीठ होतं, आणि पिशवीत भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी. खोलीतल्या मुली गोळा झाल्या. तिनं डबा उघडला आणि झाकण बाजूला ठेवून दिलं.