पांडवलेणीं आणि मुखपट्टी

नाशकाहून मुंबईच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शहराच्या शेवटास त्रिरश्मी डोंगर लागतो. त्याच्या पोटांत कोरलेल्या २४ लेण्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं, हें आतां शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. ह्या लेण्यांत शिरावयाचें तर नाकतोंड झांकलें पाहिजे, असा एक काळ मध्यंतरीं येऊन गेला. त्या नियमामागें कोणता कायदा उभा होता आणि आम्हीं तो कसा पाळला, ह्या गोष्टी आतां इतिहासांत जमा होत चालल्या आहेत. त्या विसरल्या जाण्यापूर्वीं मांडून ठेवाव्या, असें आम्हांस वाटतें.

१७ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्यानें आपल्या ताब्यांतील साडेतीन हजारांवर स्मारकें बंद केलीं. ६ जुलैपासून तीं उघडण्यास दिल्लीनें परवानगी दिली. तोंडावर मास्क, माणसामाणसांत अंतर, घरबसल्या काढलेलें तिकीट आणि प्रेक्षकांच्या संख्येस मर्यादा, अशा अटी तींत होत्या. परंतु अखेरचा निर्णय राज्यांवर सोपविलेला असल्यामुळें महाराष्ट्रांत कुलपें तशींच राहिलीं. ५ ऑगस्टला मोठमोठीं विक्रीसंकुलें उघडलीं, १६ नोव्हेंबरला, म्हणजे पाडव्यास, देवळें उघडलीं, आणि वेरूळ-अजिंठ्याचीं दारें उघडण्यास १० डिसेंबर उजाडावा लागला. जेथें माणूस माणसास घासून चालतो तें संकुल आधीं आणि वारा खाणारा डोंगर मागाहून, हा क्रम आम्हांस तेव्हांहि पटला नव्हता, आजहि पटत नाहीं. पुढें दुसरी लाट आली. १६ एप्रिल २०२१ ला स्मारकें पुन्हां मिटलीं. त्यानंतर पांचच दिवसांनीं, २१ एप्रिलला, नाशकाच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागून वीसांहून अधिक रुग्ण गुदमरून गेले. त्या दिवसानंतर श्वास ह्या शब्दाचा अर्थ ह्या शहरांत कोणास समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं.

हे सर्व हुकूम ज्या कायद्यान्वयें राज्य सरकारनें काढले, तो ४ फेब्रुवारी १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा होय. अवघ्या चार कलमांचा हा कायदा मुंबईच्या प्लेगाच्या धास्तीनें घाईघाईनें झाला. त्याच्या बळावर पुण्यांत गोरे सोजीर घरांत शिरले, देवघरें तुडविलीं, बायामाणसांस रस्त्यावर उभें करून तपासलें. आणि २२ जूनच्या रात्रीं चापेकरांनीं रँडवर गोळी झाडली. आमच्या जिल्ह्यांत भगूरच्या दामोदरपंत सावरकरांस १८९९ सालीं ह्याच प्लेगानें नेलें. कायद्यानें अपमान भरपूर केला आणि जीव मात्र फारसे वांचविले नाहींत. ह्याचें कारण केवळ अधिकाऱ्यांचा उर्मटपणा नव्हे. रोगाची वाटच त्यांस ठाऊक नव्हती. तो उंदराच्या पिसवेंतून येतो असें पॉल सायमंड ह्या फ्रेंच वैद्यानें मांडलें तें १८९८ सालीं, आणि तें सर्वांस पटावयास आणखी कांहीं वर्षें गेलीं. कपडे जाळून आणि कौलें उतरवून पिसू थोडीच हटते!

मुखपट्टीचा जन्म ह्याच रोगाच्या दुसऱ्या रूपांतून झाला. १९१० च्या हिवाळ्यांत मांचुरियांत फुप्फुसाचा प्लेग पेटला. तो खोकल्याबरोबर हवेंतून पसरतो, असें तरुण डॉक्टर वू लियेन-तेह ह्यांनीं सांगितलें आणि कापूस व जाळीदार कापड ह्यांची पट्टी वैद्यांस बांधावयास लावली. मेनी नांवाच्या एका अनुभवी फ्रेंच वैद्यास तें हास्यास्पद वाटलें. ते उघड्या तोंडानें रुग्णांत वावरले आणि थोड्याच दिवसांत मरण पावले. १९१८ च्या इन्फ्लुएंझांत सान फ्रान्सिस्कोनें मुखपट्टीचा कायदा केला, तर तेथील नागरिकांनीं पुढील जानेवारींत त्याविरुद्ध संघच काढला. आमच्याकडे स्थानकवासी जैन साधूंच्या मुखावर शतकानुशतकें पट्टी आहे. ती स्वतःच्या रक्षणाकरितां नव्हे, तर आपल्या श्वासानें सूक्ष्म जीवास इजा होऊं नये म्हणून. २०२० मधील सरकारी फलकांवर ह्याहून वेगळें तत्त्व नव्हतें.

लेण्यांच्या बाबतींत ह्या नियमाची पारख आम्हीं डोंगरावर उभे राहून केली आहे. पायऱ्यांवर आणि ओसरींत मोकळा वारा असतो. तेथें दम लागलेल्या म्हाताऱ्यास मास्क लावावयास सांगणें म्हणजे शब्दाची भक्ति होय. तिसऱ्या लेण्याच्या शिल्पमंडित दारांतून आंत गेल्यावर मात्र गोष्ट निराळी होते. तेथें मोठ्या विहारभोंवतीं भिक्षूंच्या कोठड्या आहेत. कोठडीस दार तेवढें, खिडकी नाहीं. आंत गेलेली हवा आंतच राहते. आम्हीं पाहिलें तें नेमकें उलट: प्रेक्षक पहारेकऱ्यासमोर पट्टी नाकावर ओढीत, आणि कोठडीच्या अंधारांत छायाचित्र काढावयाचें म्हणून ती हनुवटीवर उतरवीत. नियम रोगासाठीं नसून पहारेकऱ्यासाठीं आहे, अशीच पुष्कळांची समजूत होती. नियमामागील कारण कोणी सांगितलें नाहीं म्हणजे असें होतें. १८९७ सालींहि तें कोणी सांगितलें नव्हतें.

आणि गंमत अशी कीं, कापड व औषध ह्या दोहोंची सोय ह्याच डोंगरावर दगडांत लिहून ठेविली आहे. दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्याचा लेख आहे. त्यानें गोवर्धनांतील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव ठेविली. २,००० दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि १,००० पाऊण व्याजानें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे. त्याच लेण्याच्या अंगणांत आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. त्यांत विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेनें त्रिरश्मीवरील संघांत जो कोणी आजारी पडेल त्याच्या औषधपाण्यासाठीं निधि दिला आहे. तो तिनें एकाच ठिकाणीं ठेविला नाहीं; पाण्याचीं यंत्रें करणारे, तेली अशा निरनिराळ्या श्रेणींकडे वांटून ठेविला. एक श्रेणी बुडाली तरी दुसरीकडून औषध मिळावें, असा तिचा हिशेब असावा. कोठडींत एकत्र राहणाऱ्या माणसांत दुखणें पसरतें, हें तिला सांगावयास कोणी सरकारी खातें नव्हतें.

२ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्यास, राज्यानें मुखपट्टीची सक्ति उठविली. त्यानंतरच्या एका रविवारीं आम्ही चार विद्यार्थ्यांसह विष्णुदत्तेचा लेख वाचावयास गेलों होतों. परततांना एका कोठडींतल्या दगडी ओट्यावर, जेथें एकेकाळीं भिक्षु निजत असे, कोणाचा तरी निळा मास्क पडलेला दिसला. आमच्यांतील एका मुलीनें काडी शोधून आणली, तो टोंकावर उचलला आणि पायऱ्या उतरून पायथ्याच्या कचरापेटीपर्यंत तसाच नेला.