दऱ्यांचा दर्या कसा झाला?

आजची गोष्ट गडकिल्ल्यांची नाही, आपल्या अक्षरांची आहे.

या भाषणांचं ई-पुस्तक करायला मी नोएडात बसलो. काही जुनी टिपणं दिल्लीतल्या दुकानात टाइप करून घेतलेली होती. फाईल ई-पुस्तकात बदलली, तर ‘दिल्ली’च्या जागी एफ, एन, दोन वाय आणि एच उमटले. फाईल बिघडली नव्हती. आतून ती पहिल्यापासून तशीच होती.

कारण इतिहासात आहे. जुन्या फॉन्टमध्ये जेमतेम 256 घरं असत, तीही इंग्रजी धरून आखलेली. त्यांतच देवनागरीचे तुकडे बसवले गेले. ‘एफ’च्या घरात पहिली वेलांटी, ‘एन’च्या घरात द. डोळ्यांना देवनागरी, यंत्राला इंग्रजी. कागदावर हे खपलं. ई-पुस्तकात फॉन्ट बदलला की सोंग उघडं पडतं.

तोडगा दिल्लीतच निघाला होता. भारतीय मानक ब्यूरोचं ‘इस्की’ मानक 1991 चं. त्याचं तत्त्व असं, की क्रमांक आकाराला नव्हे, अक्षराला द्यायचा. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आवृत्तीवरून घेतली. पण छपाईपुरतं काम भागत होतं, म्हणून टायपिंगची दुकानं जुन्या फॉन्टवरच चालत राहिली.

मी फाईल युनिकोडमध्ये बदलली. सुटलो म्हणतोय, तोच एक वाक्य दिसलं, ‘मावळे सह्याद्रीच्या दर्यांत उतरले.’ दऱ्यांचा समुद्र झाला होता! पुढच्या पानावर मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांना कुणीतरी आचार्यपद दिलं होतं. त्या हिंदी फॉन्टमध्ये ‘ऱ्या’मधला आपला अर्धा र नव्हताच, टाइप करणाऱ्याने रफार देऊन वेळ मारून नेली होती. जे फाईलमध्ये नव्हतंच, ते कोणतं सॉफ्टवेअर परत आणणार?

युनिकोडमध्ये ऱ ला स्वतंत्र क्रमांक आहे. मी प्रत्येक ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून वाचला. सूर्य, कार्य तसेच ठेवले. दऱ्या, वाऱ्या, कुऱ्हाडी दुरुस्त केल्या. दोन रात्री गेल्या.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, कुठेही असा, घरात आजोबांच्या आठवणींची अशी एखादी फाईल असेल तर आत्ताच बदलून घ्या. जुनी छापील प्रत टाकू नका. आणि शेवटचं वाचन मराठी जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. दरी आणि दर्या यांतला फरक त्यालाच कळतो.