हनोईचं नळीघर : एका चौकाचा मागोवा

हनोईच्या जुन्या व्यापारी भागात फिरताना माणूस सतत रस्त्याकडेच बघत राहतो. फुटपाथवर स्कूटरची रांग, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून फो हे नूडल्सचं सूप ओरपणारी माणसं, खांद्यावरच्या कावडीत फळं घेऊन त्यातूनच वाट काढणाऱ्या बायका. या गडबडीच्या पाठीशी दुकानांची सलग ओळ असते. चार-सहा पावलं टाकली की एक दुकान संपतं आणि दुसरं लागतं. दर्शनी भिंत तीन-चार मीटरची, कधी त्याहूनही कमी. घर मागे किती खोल गेलंय याचा मात्र रस्त्यावरून पत्ता लागत नाही. काही घरं साठ मीटरपर्यंत आत जातात. व्हिएतनामी लोक याला न्या ओंग म्हणतात, म्हणजे नळीघर. आज देशभर दिसणाऱ्या उंच, सडपातळ घरांचं हे मूळ.

हा आकार कुठून आला, असं विचारलं की बहुतेक गाईड कराची गोष्ट सांगतात. रस्त्याकडच्या रुंदीवर कर लागत असे, म्हणून लोकांनी घरं अरुंद बांधली. कराचा वाटा असेलही. पण त्याहून साधं कारण बाजारातच सापडतं. १०१० साली राजा ली थाय तो याने राजधानी होआ लूहून इथे आणली आणि तिला थांग लाँग हे नाव दिलं. पश्चिमेला राजाचा कोट, पूर्वेला लाल नदी आणि मधल्या पट्ट्यात माल उतरवणारे, घडवणारे आणि विकणारे लोक. आसपासच्या गावांमधले कारागीर इथे आले ते गावकीसकट. एका धंद्याची माणसं एका रस्त्यावर वसली, त्यांनी आपल्या आद्य कारागिराचं देऊळ उभारलं आणि रस्त्याला मालाचं नाव मिळालं. हांग बाक चांदीचा, हांग चिएउ चटयांचा, हांग क्वात पंख्यांचा. हांग थिएकमध्ये पत्रा ठोकण्याचा आवाज आजही दिवसभर चालू असतो. अशा रस्त्यावर प्रत्येकाला गिऱ्हाइकासमोर उभं राहायला जागा हवी होती. समोरची जागा वाटून घ्यावी लागली, मागची मात्र वाटेल तेवढी लांबवता येत होती. पुढे दुकान, त्यामागे कोठार आणि कारखाना, त्यामागे राहणं, अगदी शेवटी चूल आणि न्हाणी, असा क्रम त्यातून पडला.

पूर्वीची घरं आजच्यासारखी विटांची नव्हती. १६८८ साली विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी इथे आला होता. त्याने लिहून ठेवलेल्या वर्णनात बुटकी, मातीच्या भिंतींची आणि गवती छपरांची घरं आहेत. त्याच्या वर्णनातली सर्वांत लक्षात राहणारी वस्तू म्हणजे घरामागच्या अंगणातली विटांची कमानदार कोठी. भट्टीसारखी दिसणारी, पुरुषभर उंच, बाहेरून मातीने जाड लिंपलेली. शेजारी आग लागली की घरातला माल आणि किडूकमिडूक या कोठीत कोंबायचं आणि घर जळालं तरी भांडवल वाचवायचं. गवती छपरांच्या दाटीत आग ही नेहमीची भीती होती. इतक्या टंचाईच्या जागेतही लोकांनी अंगण सोडलं होतं आणि कठीण वेळेला आधार तिथेच होता, हे इथे नोंदवायला हवं.

विटा आणि कौलं आली तसं हे अंगण घराच्या पोटात पक्कं झालं. त्याचं उत्तम उदाहरण मा मय रस्त्यावरचं ८७ क्रमांकाचं घर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं हे घर पुढे पाच कुटुंबांमध्ये विभागलं गेलं होतं. फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या मदतीने १९९९मध्ये ते दुरुस्त झालं आणि आता तिकीट काढून आत जाता येतं. पुढच्या दुकानातून आत शिरलं की मधोमध उघडं आकाश लागतं. आपल्या वाड्यातल्या चौकासारखाच हा चौक, फक्त आकाराने अगदी लहान. कुंड्यांमधली झाडं, पाण्याचं भांडं, वरच्या कौलांचा उतार आतल्या बाजूला. चौक ओलांडला की राहण्याची इमारत, तिच्यामागे आणखी एक मोकळी जागा आणि स्वयंपाकघर. पूर्वजांचा देव्हारा वरच्या मजल्यावर. भर उन्हाळ्यातही आत दमछाक होत नाही, कारण तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी दारातली गार हवा आत ओढली जाते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या, तिथे खिडकी निघणं शक्य नाही. म्हणजे उजेड, वारा, पावसाचं पाणी, सगळं या एका चौकाने द्यायचं. घराची फुप्फुसं तीच.

फ्रेंच सत्तेत रस्ते सरळ झाले, गटारं आली, दर्शनी भिंतींवर युरोपी नक्षी चढली. नळीचा सांगाडा मात्र तसाच राहिला, आणि विसाव्या शतकाचा इतिहास त्याच्या आतच घडला. हांग न्गांग रस्त्यावरचं ४८ क्रमांकाचं घर कापडाचे बडे व्यापारी त्रिन वान बो यांचं. ते इतकं खोल की त्याची मागची बाजू हांग कान या दुसऱ्याच रस्त्यावर उघडते. ऑगस्ट १९४५मध्ये हो चि मिन्ह याच घरात राहिले आणि व्हिएतनामच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनी इथेच लिहिला. पुढे १९ डिसेंबर १९४६ला फ्रेंचांशी लढाई पेटली तेव्हा जुन्या भागातल्या लोकांनी पलंग आणि कपाटं रस्त्यावर टाकून अडथळे उभे केले. लढणाऱ्यांनी घराघरांमधल्या भिंतींना भोकं पाडली आणि रस्त्यावर पाय न ठेवता ते एका घरातून दुसऱ्या घरात सरकत राहिले. सुमारे दोन महिने हा भाग त्यांनी धरून ठेवला, आणि फेब्रुवारी १९४७मध्ये रात्रीच्या अंधारात लाल नदीच्या वाटेने ते बाहेर पडले.

नळीघराला खरा धक्का १९५४नंतर बसला, आणि तोही बंदुकीविना. फ्रेंच गेले, साम्यवादी राजवट आली, खासगी व्यापार आटला, दुकानांची दारं मिटली. एका कुटुंबाच्या घरात चार-पाच कुटुंबं आली. प्रत्येकाला चूल मांडायला जागा हवी, आणि मोकळी जागा एकच होती. चौकावर पत्रे पडले, तिथे स्वयंपाकघर झालं, मग पोटमाळा चढला. गरजेपोटी झालेल्या या गोष्टीबद्दल कुणाला बोल लावता येणार नाही. पण घराचा वारा तिथेच अडला. आजही दोन दुकानांमधल्या हातभर रुंदीच्या बोळातून आत गेलं की दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो.

१९८६च्या डोई मोई धोरणाने व्यापार पुन्हा मोकळा केला आणि दुकानं उघडली. हातात पैसा आला तसं देशभर नवं बांधकाम सुरू झालं, तेही नळीच्याच आकारात. आता मात्र नळी उभी राहिली. चार मीटरच्या तुकड्यावर पाच-सहा मजले, मधोमध जिना, तळमजल्यावर स्कूटर, खिडक्यांना चोरांच्या भीतीने लोखंडी जाळ्या. जुन्या घराचा अरुंदपणा सगळ्यांनी घेतला, चौक पुष्कळांनी सोडला. त्याची किंमत सप्टेंबर २०२३मध्ये दिसली. हनोईच्या खुओंग हा भागातल्या अरुंद गल्लीत एका नऊ मजली इमारतीला रात्री आग लागली आणि ५६ माणसं गेली. ती एका कुटुंबाचं नळीघर नव्हती, भाड्याच्या छोट्या घरांची इमारत होती. पण तळमजल्यावरच्या स्कूटर, खिडक्यांच्या जाळ्या आणि निसटायला न उरलेली वाट, सगळं याच घडणीतलं. डॅम्पियरने पाहिलेली आगीची भीती तीनशेहून अधिक वर्षांनी परत आली होती.

काही वास्तुरचनाकारांनी हा धडा वेळीच ओळखला. वो त्रोंग न्गिया यांनी २०११मध्ये सायगॉनमध्ये चार मीटर रुंद आणि वीस मीटर खोल जागेवर एक घर बांधलं. त्याच्या पुढच्या-मागच्या बाजूंना भिंतीऐवजी झाडांच्या आडव्या कुंड्यांचे थर आहेत आणि वरून उजेड आत उतरतो. जुन्या चौकाचं काम तिथे नव्या पद्धतीने होतं. तेवढ्याच तुकड्यावर मोकळी हवा मिळते, हे त्या घराने दाखवून दिलं.

हनोईचा हा जुना भाग २००४पासून राष्ट्रीय वारसा आहे, आणि तिथली दाटी कमी करण्यासाठी कुटुंबांना नदीपलीकडे हलवण्याच्या योजना आहेत. दर्शनी भिंती रंगवून वारसा जपला, असं मानणं सोपं आहे. माझ्या मते जपायला हवा तो आधी चौक. त्यावरचे पत्रे काढून तिथल्याच माणसांना त्याच घरात नीट राहता आलं, तर नळीघर टिकलं म्हणता येईल. नाहीतर उरेल ती फक्त दुकानांची ओळ. तुम्ही हनोईला जाल तेव्हा मा मयच्या त्या घरात जरूर जा आणि चौकात पाच मिनिटं थांबा. नळीघर इतकी वर्षं कशाच्या जोरावर टिकलं, ते तिथे कुणी न सांगता कळतं.