मिलाग्रो: चमत्कार या शब्दाची जगभर भटकंती

दिवसभर कोड लिहितो आणि रात्री शब्दांच्या मागे लागतो. आजचा शब्द आहे स्पॅनिश 'मिलाग्रो', म्हणजे चमत्कार.

मूळ लॅटिन शब्द 'मिराकुलुम', बघून थक्क व्हावं अशी गोष्ट. इंग्रजी 'मिरॅकल' त्याच घरातला. जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचं 'मिराग्लो' झालं, मग लोकांच्या तोंडी र आणि ल यांनी जागा बदलल्या आणि झालं 'मिलाग्रो'. आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुस्कान' होतं ना, अगदी तसंच. आपण त्याला अशुद्ध म्हणतो, तिकडे मात्र तोच शब्द प्रमाण झाला!

पुढे स्पॅनिश जहाजांबरोबर हा शब्द निघाला. 1565 मध्ये स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्समध्ये सेबूला ठाण मांडलं आणि 1898 पर्यंत राज्य केलं. तिथल्या टागालोगमध्ये चमत्काराला 'हिमाला' हा शब्द होताच, तरी 'मिलाग्रो'ही रुजला. मुलींची नावं 'मिलाग्रोस' ठेवली गेली, लाडाने मिला. आणि गंमत ऐका, बोलीभाषेत 'मिलाग्रो करणं' म्हणजे चक्क चोरून चाळे करणं! पाद्र्यांनी आणलेल्या शब्दाची लोकांनी केलेली ही अवस्था.

मेक्सिकोत धातूचे छोटे हात, पाय, डोळे, हृदय नवस म्हणून संतांच्या मूर्तीपाशी लावतात. त्यांनाही 'मिलाग्रो' म्हणतात. इंग्रजीने शब्द उचलला तो याच अर्थाने, कारण चमत्काराला त्यांच्याकडे 'मिरॅकल' होताच. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, तीच भावना.

गोव्यात या शब्दाचा पोर्तुगीज भाऊ 'मिलाग्रे' आला. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण म्हणजे चमत्कारांची माता. लोककथेत ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण मिराबाय. फेस्ताला ख्रिश्चन येतात तसे हिंदूही येतात, तेल वाहतात. परक्या सत्तेने आणलेलं नाव गावाने आपल्या नात्यागोत्यात बसवून घेतलं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण शब्द बहुतेकदा राज्यकर्त्यांबरोबर येतात आणि ते येणं दर वेळी प्रेमाचं नसतं. फिलिपिन्स काय, गोवा काय, तिथे कुणी आधी परवानगी विचारली नव्हती. पण शब्द एकदा लोकांच्या तोंडात गेला की त्याचं काय करायचं ते लोक ठरवतात. कुणी त्यात नवस ठेवला, कुणी चावटपणा, कुणी बहीण.

मराठीतले 'पगार' आणि 'बटाटा' हेही पोर्तुगीजच. महिन्याच्या शेवटी पगाराची वाट बघताना तो परका वाटतो का कुणाला?

तुमच्या गावात असा कुठला पाहुणा शब्द घरचा झालाय? कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!