ट्रेहॅलोज म्हणजे काय? गरम झऱ्यातील जिवाणूचे एन्झाइम आणि कोरड्या डोळ्यांचे थेंब

सिल्लोड तालुक्यातून तपासणीला येणाऱ्या रुग्णांमध्ये डोळ्यांची आग, खुपणे आणि वाळू गेल्यासारखे वाटणे ही तक्रार नेहमीची आहे. मिरचीची तोडणी, कापूस वेचणी, मोटारसायकलवरचा वारा आणि रात्री मोबाइल, यांतले काही ना काही प्रत्येकाच्या दिनक्रमात असतेच. अशा रुग्णांना कधीकधी ‘ट्रेहॅलोज’ असलेले थेंब लिहून दिले जातात. मग घरातले कोणीतरी खोक्यावरचे नाव मोबाइलवर शोधते, ती एक साखर आहे असे वाचते आणि विचारते, “डॉक्टर, आईला डायबेटिस आहे, हे चालेल का?”

चालेल. साधारण ३ टक्के ट्रेहॅलोजच्या थेंबांमध्ये एका थेंबात ही साखर जेमतेम दीड मिलिग्रॅम असते. दोन्ही डोळ्यांत दिवसातून सहा वेळा थेंब टाकले तरी एकूण सुमारे १८ मिलिग्रॅम होतात. चहातली एक चमचा साखर चार ते पाच ग्रॅम, म्हणजे त्याच्या दोनशेपटीहून जास्त. या थेंबांनी रक्तातली साखर वाढत नाही.

ही साखर वेगळी कशी?

ट्रेहॅलोजमध्ये ग्लुकोजचे दोन कण जोडलेले असतात. पिठूळ पदार्थ पचताना तयार होणाऱ्या माल्टोजमध्येही ग्लुकोजचे दोनच कण असतात, फरक आहे तो जोडणीत. माल्टोजमध्ये एका कणाचे क्रियाशील टोक मोकळे राहते आणि ते प्रथिनांना चिकटू शकते. भाजलेल्या पावाला तपकिरी रंग येण्यामागे अशीच क्रिया असते. ट्रेहॅलोजमध्ये दोन्ही कणांची ही टोके एकमेकांत गुंतलेली असतात. मोकळे टोक नसल्याने ही साखर प्रथिनांशी सहसा भांडत नाही, म्हणून औषधांत ती सोयीची ठरते.

निसर्गात ती अळिंबीत आणि यीस्टमध्ये सापडते. बेकरीचे कोरडे यीस्ट महिनोन्‌महिने पाकिटात पडून राहते आणि कोमट पाण्यात घातले की फसफसू लागते, त्यात ट्रेहॅलोजचा मोठा वाटा आहे. पेशी वाळताना पाणी निघून जाते, तेव्हा प्रथिने आणि पेशीची आवरणे विस्कटतात. ट्रेहॅलोज काही अंशी पाण्याची जागा घेते आणि त्यांना आकारात धरून ठेवते. उष्णता, कोरडेपणा किंवा जास्त मीठ सोसण्यासाठी पेशी असे जे विरघळणारे पदार्थ साठवतात, त्यांना संरक्षक द्राव्ये म्हणता येईल. माणसाच्या पेशी ट्रेहॅलोज बनवत नाहीत.

गरम झऱ्यातला कारागीर

थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाच्या गरम झऱ्यांत सापडला. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. (चहाचा थर्मास आणि हा थर्मस, दोन्ही नावे ‘उष्ण’ या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दावरून आली आहेत.) सुमारे ७० अंश सेल्सिअसला, जिथे आपला हात भाजेल, तिथे तो मजेत वाढतो. त्याची एक देणगी तुम्हाला ओळखीची आहे. कोविडच्या काळात ज्या आरटी-पीसीआरसाठी आपण रांगा लावल्या, ती पीसीआर पद्धत घराघरांत पोहोचली ती याच जिवाणूच्या उष्णता सोसणाऱ्या एन्झाइममुळे.

आपल्याकडेही असे झरे आहेत. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातले उनकेश्वर त्यांपैकी एक. तिथल्या सूक्ष्मजीवांचा डीएनएवरून केलेला अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्वचारोग बरे होतात या श्रद्धेने अनेक जण तिथे स्नान करतात. डायबेटिसमुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी मात्र अशा पाण्यात पाय घालू नयेत. भाजल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते.

थर्मस ॲक्वाटिकसकडे ‘ट्रेहॅलोज सिंथेज’ नावाचे आणखी एक एन्झाइम आहे. एन्झाइम म्हणजे पेशीतली क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. हे एन्झाइम माल्टोजची जोडणी बदलते आणि एकाच पायरीत त्याचे ट्रेहॅलोज करते. बाहेरून दुसरा कच्चा माल किंवा ऊर्जा लागत नाही. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी ते वेगळे करून तपासले. त्याचे काम सर्वांत चांगले चालते ते सुमारे ६५ अंशांना आणि किंचित आम्ल द्रावणात. ८० अंशांना तासभर ठेवले तरी ते टिकते. अंड्याचा पांढरा भाग त्या तापमानाला घट्ट होऊन जातो. तांबे, जस्त आणि पारा यांच्या क्षारांनी मात्र ते मंदावते.

एक गंमत अशी की काम वेगाने व्हायला उष्णता लागते, पण तापमान थोडे कमी ठेवले तर ट्रेहॅलोजचे प्रमाण वाढते आणि सुमारे ८० टक्के माल्टोज बदलून जाते. तापमान जास्त असेल तर काही माल्टोज फुटून साधे ग्लुकोज होते. म्हणून कारखान्यात वेग आणि उतारा यांचा मेळ घालावा लागतो. उष्णता सोसण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. साखरेचे दाट द्रावण थंड असेल तर चिकट राहते आणि त्यात बुरशी किंवा जंतू वाढतात. ६० अंशांना ते पातळ होते आणि बहुतेक बाहेरचे जंतू टिकत नाहीत.

तरी तुमच्या बाटलीतले ट्रेहॅलोज याच जिवाणूचे, असे समजू नका. १९९०च्या दशकात जपानमधील हायाशिबारा कंपनीने पिष्टापासून ही साखर स्वस्तात बनवली, ती मातीतल्या आर्थ्रोबॅक्टर या दुसऱ्या जिवाणूच्या दोन एन्झाइमांनी. कोणत्याही मार्गाने आले तरी शुद्ध केलेले ट्रेहॅलोज एकच असते आणि त्यात जिवाणू नसतो.

डोळ्यांत त्याचा उपयोग किती?

कोरड्या डोळ्यांत अश्रूंचा थर पातळ आणि खारट होतो, त्यामुळे बुबुळावरच्या पेशींना ताण बसतो. ट्रेहॅलोज त्या पेशींना ओलावा टिकवायला मदत करते. बऱ्याचदा त्यासोबत हायलुरोनेट असते, ते पाणी धरून ठेवते. चाचण्यांत अनेक रुग्णांची जळजळ कमी झालेली दिसली आहे. पण हे वंगण आहे, कारणावरचा इलाज नव्हे. पापण्यांच्या तेलग्रंथी तुंबणे, संधिवात, ॲलर्जीच्या गोळ्या किंवा पाळी जाणे यांपैकी कारण असेल तर त्याकडे वेगळे पाहावे लागते.

डोळ्याच्या पडद्याला सूज आली की दिल्या जाणाऱ्या रॅनिबिझुमॅब इंजेक्शनमध्ये आणि स्तनाच्या काही कर्करोगांवरच्या ट्रॅस्टुझुमॅबमध्येही ट्रेहॅलोज असते. तिथे ते आजारावरचे औषध नसते, नाजूक प्रथिन बाटलीत शाबूत ठेवण्याचे काम करते.

मेंदू तल्लख होतो, पेशींची सफाई होते, असे सांगून विकल्या जाणाऱ्या ट्रेहॅलोजच्या पावडरींवर मी पैसे घालवू देणार नाही. खाल्लेले ट्रेहॅलोज आतड्यातच फुटून ग्लुकोज होते, म्हणजे डायबेटिसच्या रुग्णाने ते साखर म्हणूनच मोजावे. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारात ते शिरेतून देऊन मोठी चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचे निकाल आले तेव्हा अपेक्षित फायदा दिसला नाही.

थेंब टाकताना

बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच ते दहा मिनिटे जाऊ द्या. उघडल्यानंतर किती दिवस वापरायचे ते खोक्यावर पाहा आणि उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. शेजाऱ्याला बरे वाटले म्हणून त्याची बाटली घेऊ नका.

मिरची डोळ्यांत गेली तर चोळू नका, हात धुऊन भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. पिकाचे पान, कपाशीची काडी किंवा कणीस लागून डोळा लाल झाला असेल तर मात्र ट्रेहॅलोज टाकत बसू नका. अशा इजेनंतर बुबुळात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि मेडिकलमधून विचारून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी तो झपाट्याने पसरतो. दुखणे, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी सिल्लोडच्या सरकारी रुग्णालयात किंवा नेत्रतज्ज्ञांकडे दाखवा. रविवार असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात अपघात विभाग सुरू असतो. आधी कोणते थेंब टाकले त्याची बाटली सोबत न्या.