निजाम सर्किट

काही दिवसांपूर्वी एका नव्या हिंदी चित्रपटाच्या गल्ल्याचे आकडे वाचत होतो. कुठल्या भागात किती कमाई झाली त्याची यादी होती. मुंबई, दिल्ली-यूपी, पूर्व पंजाब, सीपी-बेरार, म्हैसूर... आणि निजाम! मी थबकलोच. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन होऊन हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये भाषावार रचनेत तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसुरात आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मग हा निजाम अजून तिकीटबारीवर काय करतोय?

थोडं शोधल्यावर उलगडा झाला. हिंदी सिनेमाचा निर्माता आपला सिनेमा देशभर स्वतः लावत बसत नाही, भागाभागांचे हक्क वितरकांना विकतो. हे भाग फार पूर्वी, म्हणजे इंग्रजांच्या आणि संस्थानिकांच्या काळात ठरले. पुढे राज्यं बदलली, नकाशे बदलले, पण धंद्याच्या वहीतली नावं तीच राहिली. विदर्भ सीपी-बेरारमध्ये, सोलापूर मुंबईत, आणि नांदेड, लातूर, बीड, परभणी, औरंगाबाद हे सगळं 'निजाम'मध्ये. हैदराबादबरोबर, गुलबर्गा-बिदरबरोबर.

मी लातूरचा, आजोळ नांदेडचं. हे वाचल्यावर लहानपणच्या कितीतरी गोष्टी एकदम जागेवर बसल्या.

पहिली गोष्ट म्हणजे उशीर. आमच्याकडे सिनेमा नेहमी उशिरा यायचा. एक प्रिंट तयार करायला पैसे लागतात, म्हणून वितरक मोजक्याच प्रिंटा घ्यायचा. त्या आधी मोठ्या शहरातल्या चांगल्या टॉकीजमध्ये, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला. पत्र्याच्या डब्यांतून रिळं गावोगाव फिरायची. आमच्यापर्यंत येईतो पडद्यावर पाऊस पडायला लागलेला असायचा आणि गाण्याचं एखादं कडवं गायब! सोलापूरचा मावसभाऊ सुट्टीत आला की अख्खी गोष्ट सांगून मोकळा व्हायचा. आम्हाला वाटायचं, आपलं गाव मागास म्हणून असं. गाव लहान होतं हे खरंच. पण आमची रांग हैदराबादच्या बारीवर लागलेली होती आणि त्याची सोलापूरकडून मुंबईच्या, हे तेव्हा कुणाला माहीत?

रेल्वेचंही तेच. नांदेडची मनमाड-काचीगुडा लाईन निजामाच्या काळातली. तिनं मराठवाडा थेट हैदराबादला बांधला. नांदेडचा वेगळा रेल्वे विभाग झाला २००३ मध्ये, तोही दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे मुख्यालय सिकंदराबाद. दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला हैदराबादला जाणारी माणसं नांदेडला घरोघरी. त्याच वाटेनं सिनेमा आला तर नवल काय?

दुसरी गोष्ट माझ्या आबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून. संस्थानात १८८४ पासून सरकारी भाषा उर्दू, १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मराठी घरात बोलायची, देवळात ऐकायची. अंबाजोगाईच्या योगेश्वरीसारख्या शाळा होत्या, पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आबा तहसील कचेरीत कारकून लागले तेव्हा त्यांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं म्हणून नावाजलेलं. पुढे कचेरीचा कारभार मराठीत आला आणि पंचविशी ओलांडलेला हा माणूस जोडाक्षरं गिरवायला बसला. ज्या अक्षरानं नोकरी मिळाली होती ते अक्षर आता कुणी मागत नव्हतं.

त्यांना निजामाचं प्रेम होतं असं कुणी समजू नये. रझाकारांच्या काळात त्यांच्या थोरल्या भावाला रातोरात गाव सोडून उमरखेडच्या छावणीत जावं लागलं होतं. म्हणजे निजाममधून निघून सीपी-बेरारमध्ये! १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला आबा कधी चुकले नाहीत. पण भाषा त्यांच्या अंगात भिनलेली होती, तिचं काय करायचं? राज्याबरोबर तिलाही हाकलून देता येत नव्हतं.

ती भाषा त्यांना सापडली सिनेमात. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० च्या ऑगस्टमध्ये, 'मुघल-ए-आझम' आला. नांदेडला आला तो अर्थातच उशिरा. आबांनी तो किती वेळा पाहिला याचा हिशेब आजीनं ठेवला होता, पण ती आम्हाला आकडा सांगत नसे, नुसती हात जोडायची. घरी आल्यावर आबा संवाद म्हणून दाखवायचे आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलांना समजावून सांगायचे. कचेरीत ज्या भाषेला किंमत राहिली नव्हती तिला टॉकीजमध्ये टाळ्या पडत होत्या. मला वाटतं, तिकिटाच्या पैशात आबा तेवढंच विकत घेत होते.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची पिढी रेडिओची. बा. वि. केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळजवळ दार बंद झालं. लोक शास्त्रीय संगीताकडे वळतील अशी त्यांची कल्पना. लोक वळले रेडिओ सिलोनकडे! त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. अप्पा सांगतात, लातूरच्या गंजगोलाईत हॉटेलवाल्यानं रेडिओ बाहेर ठेवला की तिथल्या सोळा रस्त्यांपैकी निदान एक तरी बंद पडायचा. अप्पांचं शिक्षण मराठीतून झालेलं. पण त्यांच्या पिढीची हिंदी कुठल्या शाळेत झाली नाही, ती झाली ह्या हॉटेलासमोर.

रेडिओला सर्किट नव्हतं. सिलोनची लाट मुंबईत पोचायची तेव्हाच लातुरात. पहिल्यांदाच आम्ही कुणाच्या मागे नव्हतो.

मग आला टीव्ही. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की आमच्या गल्लीत चिटपाखरू नसायचं. तीस-चाळीस माणसं एका घरात. आबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. हात जोडून बसले, पण अर्ध्या तासानं हळूच म्हणाले, "लेकरा, ही कुठली हिंदी म्हणायची रे?" आयुष्यभर ज्या भाषेला ते हिंदी समजत होते ती इथे नव्हतीच. दिल्लीहून एकच हिंदी, एकाच वेळी, साऱ्या देशात येत होती. उशीर संपला हे चांगलंच झालं. पण आबा पुन्हा एकदा जोडाक्षरांपाशी येऊन पोचले होते.

माझी पाळी पुढे आली, पुण्यात. कॉलेजला गेलो, पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मित्राला म्हणालो, "थांब, जेवायलोय." सगळे हसले. मग 'काय करायलास', 'कामून', 'गुत्तेदार' अशा माझ्या एकेका शब्दाला हशा. एकानं तर विचारलं, तुमच्याकडे मराठीत हिंदी मिसळतात की हिंदीत मराठी? त्यांची मराठी टीव्हीवरच्या मालिकांतल्या नायकासारखी. माझी कुणासारखी? मालिकांत माझ्यासारखं बोलणारा माणूस मला तरी दिसला तो गडी म्हणून, नाहीतर हसवायला. सहा महिन्यांत मी 'करतोय', 'जातोय' करायला शिकलो. लातूरला फोन करतानासुद्धा. आई एकदा फोनवर गप्प झाली आणि म्हणाली, "तू आमच्याशी पाव्हण्यासारखं कामून बोलायलास?"

हे आठवलं की आजही पोटात कालवतं. कुणी मला बोली सोड म्हणून सांगितलं नव्हतं. कायदा नव्हता, छडी नव्हती. आबांची भाषा सरकारी हुकुमानं गेली, माझी नुसत्या हसण्यानं गेली. आणि त्या हसण्यामागे रोज संध्याकाळी चालू असलेला एक पडदा होता.

दोन हजारच्या दशकात सिनेमे उपग्रहावरून थेट टॉकीजमध्ये यायला लागले आणि हळूहळू पत्र्याचे डबे संपले. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, पण सिनेमा मात्र पुण्या-मुंबईबरोबरच, त्याच दिवशी आला. त्यातली बोली करमाळ्याकडची, आमची नव्हे. तरी नायक-नायिका गावाकडचं बोलतात आणि कुणी त्यांना हसत नाही, हे पाहून माझ्या शेजारी बसलेला भाचा ताठ होऊन बसला होता.

आता शेवटची गंमत. ३० डिसेंबर २०२२ ला 'वेड' आला. दिग्दर्शक आणि नायक आमच्या लातूरच्या बाभळगावच्या देशमुखांचा मुलगा रितेश. लातूरकरांनी आपल्या घरचा सिनेमा म्हणून तो डोक्यावर घेतला. मूळ कथा कुठली? २०१९ चा तेलुगू 'मजिली'. तेलुगू सिनेमाची राजधानी, अर्थात, हैदराबाद! भाच्याला म्हटलं, बघ, अजून आपण निजाम सर्किटमध्येच आहोत. तो म्हणाला, "मामा, कोण निजाम?"

त्याला आबांची सगळी गोष्ट सांगितली. 'मुघल-ए-आझम'ची, जोडाक्षरांची, उमरखेडच्या छावणीची. सांगता सांगता लक्षात आलं, मी पुण्याच्या मराठीत सांगतोय. थांबलो आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायलो.